आठव्या महिन्यात पाय सुजतात: कधी उशी पुरते आणि कधी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहिलीच खेप, 30वा आठवडा चालू. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत पॅकिंगच्या लाइनवर आठ तास उभं राहून काम. गेले पंधरा दिवस संध्याकाळी दोन्ही पाय सुजतात, डावा जरा जास्त. चप्पल जात नाही, जोडवी रुतायला लागलीत. सासूबाई म्हणतात मीठ तोड, पाणी कमी पी. शेजारीण लघवीची गोळी सुचवते. पुढची तपासणी तीन आठवड्यांनी आहे, तोवर काय करावं?

तीन आठवडे थांबू नका. 28 ते 36 आठवड्यांत तपासणी साधारण दर पंधरा दिवसांनी व्हायला हवी, त्यामुळे तीन आठवड्यांचं अंतर सूज नसती तरी जास्तच होतं. उद्या-परवा दोनच गोष्टी करून घ्या: बीपी आणि लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन. पंधरा मिनिटांचं काम आहे. तुमच्या डॉक्टरांकडे नंबर लागत नसेल तर जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बाईची मोफत तपासणी असते. मात्र 9 तारीख लांब असेल तर तिची वाट बघत बसू नका. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत न्या आणि आकडे त्यावर लिहूनच घ्या. "नॉर्मल आहे" हा आकडा नव्हे.

एवढी घाई का, तर नुसते पाय बघून फारसं काही कळत नाही. पूर्वी पायावरची सूज प्रीएक्लॅम्पसियाच्या, म्हणजे गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराच्या, लक्षणांत धरली जायची. नंतर निदानाच्या निकषांतून ती काढून टाकली. धडधाकट गरोदर बायकांपैकी बहुतेकींचे पाय सुजतातच, आणि झटके येण्यापर्यंत वेळ गेलेल्या काही जणींच्या पायांवर सूज नसतेही. म्हणून पाय सुजले की घाबरायचं नाही, आणि सुजले नाहीत म्हणून बीपी टाळायचं नाही.

आता तुमचे पाय का सुजतात ते बघू. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, पण त्यातला पातळ भाग जास्त वाढतो. त्यामुळे रक्तातलं अल्ब्युमिन विरळ होतं आणि पाणी शिरेत धरून ठेवण्याची त्याची ओढ कमी पडते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शिरांच्या भिंती सैल होतात. भरीला मोठं झालेलं गर्भाशय पायांकडून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब देतं. उभ्या माणसाच्या पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. लाइनवर एकाच जागी आठ तास उभं राहिलं की पोटरी हलत नाही, पंप बंद पडतो आणि पाणी घोट्याशी साठतं. चालणारीपेक्षा उभी राहणारी जास्त सुजते ती यामुळे. उन्हाळा असेल तर कातडीतल्या शिरा आणखी फुगतात. थंड हवेचं म्हणून नाशिकचं कितीही कौतुक होवो, एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

डावा पाय जरा जास्त सुजणं हेही शरीराच्या बांधणीतच आहे. ओटीपोटात उजव्या बाजूची धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून आडवी जाते आणि ती शीर थोडी दाबली जाते. इथे 'जरा' हा शब्द मात्र मोजून घ्या. शिंप्याची टेप घ्या, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्यांच्या खालच्या कडेपासून 10 सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि तिथे पोटरीचा घेर मोजा. दोन पायांत 2 सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल, पोटरी किंवा मांडी दुखत असेल, कातडी लालसर आणि गरम लागत असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी आहे असं धरून त्याच दिवशी पायाचा कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायचा. गरोदरपणात गुठळी डाव्याच पायात जास्त होते आणि कधी कधी पोटरीऐवजी जांघेत किंवा कमरेत दुखतं. फरक 2 सेंटिमीटरपेक्षा कमी पण दुखणं नवीन, तरी डॉक्टरांना दाखवायचंच. अशा पायाला तेल लावून चोळायचं नाही, शेकायचं नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अचानक दम लागला, छातीत कळ आली तर 108 ला फोन करायचा.

साधी सूज कशी ओळखायची? ती संध्याकाळी वाढते, रात्री झोपून उठलं की बरीच उतरलेली असते, घोटा आणि पावलापुरती राहते, अंगठ्याने दाबलं की खळगा पडतो पण दुखत नाही. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून बघा. सकाळीही खोल खळगा पडत असेल, सूज गुडघ्यापर्यंत चढली असेल, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती आणि चेहऱ्यावर फुगवटा असेल, बोटं एकाएकी सुजून बांगड्या अडकत असतील किंवा आठवड्यात वजन एक किलोपेक्षा जास्त वाढलं असेल (या दिवसांत अर्धा किलो ठीक), तर त्याच दिवशी बीपी बघायचं.

आणि पुढची लक्षणं सूज असो-नसो दवाखान्यात नेणारी आहेत: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, छातीच्या खाली उजवीकडे किंवा मधोमध दुखणं (याला सगळे 'अॅसिडिटी' म्हणून सोडून देतात, आणि घात तिथेच होतो), उलट्या, लघवी फार कमी होणं, आडवं झालं की दम लागणं, बाळाची हालचाल कमी होणं. हालचालीची शंका आली तर काही तरी खाऊन डाव्या कुशीवर शांत पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर रात्र असली तरी निघा.

बीपी मोजताना होणाऱ्या चुकांमुळे निम्मा गोंधळ होतो. जिना चढून आल्या-आल्या मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला. अर्धा तास आधी चहा नको. लघवी तुंबलेली नको. पट्टा बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर बांधायचा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा खोटाच जास्त येतो. घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको, आणि एकदा दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघा. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा.

वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आला, तर पंधरा मिनिटं पडून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. 160 किंवा 110 आला तर घरी थांबायचं नाही, सरळ प्रसूतीची सोय असलेलं हॉस्पिटल. पहिल्या तिमाहीत 100/60 असणारीचं आता 130/85 असेल तर ते आजारात बसत नाही, पण डॉक्टरांना जरूर सांगा, पुढची तपासणी लवकर ठेवतील. पहिली खेप, जुळं, 35 च्या पुढचं वय, जास्त वजन, मधुमेह, आधीच असलेलं बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार, मागच्या खेपेला झालेला हाच त्रास, यांतलं काही असेल तर जास्त काटेकोर राहायचं. तुमच्यात निदान एक गोष्ट आहेच, पहिली खेप.

लघवीचा नमुना देताना पहिली धार सोडून मधली घ्या. पांढरं जात असेल तर ते मिसळून अल्ब्युमिन खोटं 'एक प्लस' येऊ शकतं, म्हणून आधी पाण्याने धुवून घ्या. याच फेरीत हिमोग्लोबिनही करा. 7 च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय. त्यानेही अंगावर सूज येते आणि दम लागतो, आणि त्याला निव्वळ गोळ्या पुरत नाहीत. लाल लोहगोळी आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नका, दोहोंत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहगोळीवर चहा तर मुळीच नको, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियम जेवणासोबत घ्या. आहारात कॅल्शियम कमी असणाऱ्या बायकांत या गोळीने प्रीएक्लॅम्पसियाचा धोका घटतो, तेव्हा ती हाडांसाठीच आहे असं समजून टाळू नका.

आता मीठ. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण मीठ तोडल्याने ही सूज उतरत नाही आणि प्रीएक्लॅम्पसियाही टळत नाही. अळणी जेवणाने अन्नावरची वासना मात्र जाते आणि प्रथिनं कमी पडतात. दिवसभराचं सगळं मिळून सपाट एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ, हे कुणालाही योग्य प्रमाण आहे.  लोणचं, पापड, खारी, वेफर्स, चिवडा आणि फरसाणाने ते सहज ओलांडलं जातं. मिसळ सोडा असं सांगण्यात अर्थ नाही, नाशिकमध्ये राहून ते कुणाला जमणार? मोडाची उसळ भरपूर घ्या, फरसाण मूठभरच, आणि तर्रीची दुसरी वाटी नको.

पाणी कमी करणं तर उलट अंगावर येतं. पाणी कमी केलं की शरीर मीठ-पाणी आणखी घट्ट धरून ठेवतं, लघवीत जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ वाढतं. अडीच ते तीन लिटर प्या, उन्हाळ्यात शेडमध्ये काम असेल तर जास्त. पाळीत लघवीला जाता येत नाही म्हणून पाणी टाळणाऱ्या बायका खूप आहेत. त्यांनी सुपरवायझरशी बोलून दर दोन तासांनी सुट्टी मागून घ्यावी.

लघवीची गोळी अजिबात नको, घरात दुसऱ्या कुणाची पडलेली असली तरी. साठलेलं पाणी शिरांच्या बाहेर, मांसात आहे. गोळी आधी शिरेतलं पाणी काढते. प्रीएक्लॅम्पसिया असेल तर शिरेतलं रक्त आधीच आटलेलं असतं, त्यात आणखी काढलं की वारेकडे जाणारा पुरवठा घटतो आणि बाळाला कमी पडतं. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या त्रासात डॉक्टर ती देतात, तो हिशेब वेगळा. पुनर्नवा, गोखरू यांचे काढेही मनाने सुरू करू नका, तीही लघवी वाढवणारीच औषधं आहेत. पाय दुखतात म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळीही नको. 20 आठवड्यांनंतर त्यांनी गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असतो.

प्रथिनांबद्दल एवढंच की शेवटच्या तिमाहीत दिवसाला 65 ते 70 ग्रॅम लागतात. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, अंड्यात सहा, पेलाभर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम मिळतात. नुसत्या भाकरी-भाजीवर आकडा पूर्ण होत नाही.

पाय वर घेणं सगळे सांगतात, पण बहुतेक जणी खुर्चीसमोर स्टूल ठेवून पाय सरळ धरतात. त्याने पायातलं पाणी परत फिरायला फारसा उतार मिळत नाही. पावलं हृदयापेक्षा वर हवीत. डाव्या कुशीवर वळा, दोन्ही पायांखाली लोड किंवा दोन उशा, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. वीस मिनिटं, दिवसातून तीनदा: सकाळी कामाला निघायच्या आधी, घरी आल्या-आल्या, झोपताना. स्वयंपाक त्यानंतर. घरातल्यांना हे वेळापत्रक आधीच सांगून ठेवा. पाठीवर सपाट झोपून पाय भिंतीला लावू नका. या महिन्यात गर्भाशय मोठ्या शिरेवर बसतं, चक्कर येते. पाठीवरच पडावंसं वाटलं तर उजव्या कुल्ल्याखाली घडी केलेली चादर घालून अंग डावीकडे कलतं करा.

लाइनवर उभ्या असताना दर अर्ध्या तासाने टाचा उचलून चवड्यांवर या आणि खाली, असं वीस वेळा. टेबलाला धरून करा, तोल जातो. पायाशी पालथं खोकं ठेवा आणि आळीपाळीने एकेक पाय त्यावर ठेवा. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं चाला आणि मग बसा. आणखी एक गोष्ट, जी कारखान्यात कुणी आपणहून सांगत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात, आणि तेच कलम पुढे 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, असं आहे की प्रसूतीच्या तारखेआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना, बाईने मागणी केली तर, तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. हिशेब केला तर हा महिना साधारण 30व्या आठवड्याच्या आसपासच सुरू होतो. 'मागणी केली तर' हे शब्द महत्त्वाचे. तोंडी बोलून सोडू नका, डॉक्टरांकडून "बसून काम द्यावं" अशी चिठ्ठी घ्या, अर्जाला जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

दाबाचे मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, उभ्या कामासाठी खरोखर उपयोगी आहेत, पण चुकीचे घेतले तर पैसे वाया. गुडघ्याखालचे, 15 ते 20 मिमी पारा दाबाचे घ्या. फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर जास्त दाबाचे लागतात, ते डॉक्टरांना विचारून. माप सकाळी उठल्याबरोबर, सूज नसताना: घोट्याच्या वर सर्वांत बारीक भाग, पोटरीचा सर्वांत जाड भाग, आणि टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंतची उंची. नुसतं 'मीडियम द्या' म्हणून घेऊ नका. अंथरुणातून खाली उतरायच्या आधीच घालायचे, कारण उभं राहिलं की पाणी उतरायला लागतं. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवा, मग वर ओढा. पोट आड येतं, तेव्हा नवऱ्याला हे काम शिकवा. रबरी हातमोजे घातले की पकड छान येते. वरची कड दुमडायची नाही. दुमडली की तीच दोरीसारखी आवळते आणि खालचा पाय जास्त सुजतो. बोटं निळी पडली, मुंग्या आल्या तर काढा. रात्री काढूनच झोपा. पुढून उघडे मोजे उन्हाळ्यात बरे. उपलब्ध असेल तर कमरेच्या वर पाणी असलेल्या तलावात वीस-पंचवीस मिनिटं चालणं हाही चांगला उपाय आहे. पाण्याचा दाब चहूबाजूंनी मोज्याचंच काम करतो.

जोडवी आजच काढा. उद्यावर टाकली की कापावी लागतात. सकाळी पाय वर घेऊन झाल्यावर पाऊल दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा, बोटाला साबण किंवा खोबरेल लावा आणि फिरवत फिरवत काढा. ओढू नका, कातडी गोळा होऊन आणखी अडकते. तरी निघालं नाही तर जाड गुळगुळीत दोऱ्याचं एक टोक सुईच्या बोथट बाजूने जोडव्याखालून टाचेकडे काढा, दोऱ्याचा उरलेला भाग जोडव्यापासून बोटाच्या टोकाकडे लागून लागून घट्ट गुंडाळा, मग टाचेकडचं टोक धरून उलगडत जा. जोडवं दोऱ्याच्या वेढ्यांवरून पुढे सरकत येतं. बोट निळं, बधिर असेल तर हे प्रयोग करू नका. सराफ बाजारात कुणीही कारागीर दोन मिनिटांत कापून देतो आणि चांदी पुन्हा जोडताही येते. अशुभ वाटत असेल तर उघड्या टोकांची सैल जोडवी घाला. सिझेरियन झालंच तर तिथे सगळे दागिने काढायलाच लावतात. अंगठी आणि घट्ट पैंजणही आत्ताच उतरवा.

सुजेसोबत येणाऱ्या दोन-तीन तक्रारी. रात्री पोटरीत गोळा आला तर पाऊल स्वतःकडे वाकवा आणि गुडघा सरळ करा, चवडा पुढे ताणला की गोळा वाढतो. सकाळी बोटं बधिर होणं, मुंग्या येणं हे मनगटातल्या सुजेने नस दाबल्यामुळे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधा. पण तळहात-तळपायांना रात्री खाज सुटत असेल आणि पुरळ काहीच दिसत नसेल, तर खोबरेलावर भागवू नका. तो पित्त साचण्याचा आजार असू शकतो. लिव्हरची तपासणी आणि बाईल अॅसिडची रक्तचाचणी लागते, कारण त्यात बाळाला धोका असतो.

डोहाळजेवणाच्या दिवशी झोपाळ्यावर पाय लोंबकळत ठेवून तीन-तीन तास फोटो चालतात आणि रात्री पाय खांबासारखे होतात. पायाखाली पाट ठेवा, दर अर्ध्या तासाने उठा. माहेरी मुंबई-पुण्याला जायचं तर दर दीड तासाला गाडी थांबवून पाच मिनिटं चाला.

बाळंतपणानंतर सूज लगेच उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. पहिले तीन ते पाच दिवस, विशेषतः सलाईन लागलं असेल तर, ती आधी वाढते आणि मग दोन आठवड्यांत ओसरते. बीपी याच दिवसांत, तिसऱ्या ते सहाव्या दिवशी, सर्वांत वर जातं. त्यामुळे बाळंतिणीला घरी आल्यावरही या काळात एकदा-दोनदा बीपी बघायचंच. डोकेदुखी किंवा अंधारी सहा आठवड्यांपर्यंत तितकीच गंभीर धरायची. गुठळीचा धोकाही गरोदरपणापेक्षा बाळंतपणानंतर जास्त असतो, म्हणून चाळीस दिवस अंथरुणाला खिळवून ठेवू नये, आणि पाणी तोडू नये. पाजणारीला उलट जास्त लागतं.

चप्पल मात्र आत्ताच बदला. संध्याकाळी, पाय सुजलेला असताना माप द्या, पुढून रुंद, मागे पट्टा असलेली, टाच दोन-तीन सेंटिमीटरची. गरोदरपणात पावलाचे अस्थिबंध सैल होऊन पाऊल लांबतं आणि कित्येकींचं ते कायमचं तसंच राहतं. म्हणून महागडा बूट घ्यायचा असेल तर तो बाळ पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर.